तेराव्या मजल्यावरचं वकीलपत्र

जाहिरात शेवटून दुसऱ्या पानावर होती. मुंगीएवढा टाइप, आठ-दहा रकान्यांचं कोष्टक, वर वीज कंपनीचं बोधचिन्ह आणि खाली ‘सूचना व हरकती अमुक तारखेपर्यंत पाठवाव्यात’. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातल्या अभियंत्याने ती कात्रीने कापून टेबलाच्या काचेखाली सरकवली होती. मी गेलो तेव्हा तारीख उलटून कितीतरी महिने झाले होते. कात्रण पिवळं पडलं होतं, शेजारी गजानन महाराजांचा फोटो आणि मुलीचं शाळेचं वेळापत्रक.

“ही आम्हालाच लागू होती,” ते म्हणाले. “पण आम्ही म्हणजे कोण, हेच ठरेना.”

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता ‘बाहेरचा माणूस’. इतर लेखक सासुरवाशिणीवर, परप्रांतीयांवर, जातीबाहेरच्या लग्नांवर लिहितील, हे उघड होतं. मला आठवला तो काळ्या कोटातला बाहेरचा माणूस. वीज किंवा पाण्याचा दर ठरवणाऱ्या सुनावणीत पालिकेच्या वतीने जो उभा राहतो आणि ज्याला त्या गावची पाण्याची टाकी कुठल्या टेकडीवर आहे हेही ठाऊक नसतं. गावाने त्याला का बोलवावं? त्याला पैसे कोण देतं? आणि तो गेल्यावर मागे काय उरतं?

लिफ्टचे दोन थांबे

मुंबईत कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे. त्याच्या एक नंबरच्या इमारतीत तेराव्या मजल्यावर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आणि नवव्यावर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. राज्यातल्या कुठल्याही शहराचे दोन मोठे खर्च, पाणी उचलायची वीज आणि उचलायचं पाणी, या एकाच लिफ्टच्या दोन थांब्यांवर ठरतात. लिफ्टमनला विचारलं, नगरपालिकेचे लोक येतात का? “कोट घातलेले येतात,” तो म्हणाला. “पालिकेचे की कंपनीचे, कसं कळणार?”

विद्युत आयोग १९९९ साली स्थापन झाला. त्याआधी विजेचे दर वीज मंडळ आणि सरकार मिळून ठरवत. २००३ च्या विद्युत कायद्याने सगळं रीतसर बांधून दिलं. वीज कंपनीने आपल्या खर्चाचा हिशेब मांडून याचिका करायची, तिची जाहिरात द्यायची, लोकांनी हरकती घ्यायच्या, कंपनीने उत्तरं द्यायची आणि आयोगाने १२० दिवसांत निकाल द्यायचा. आयोगाला साक्षी-पुरावे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. म्हणजे दिसायला कचेरी, चालायला कोर्ट.

पण इथे भांडण दिवाणी दाव्यासारखं दोघांत नसतं. कंपनीला वर्षभरात एकूण किती रुपये लागतील, त्याला ‘वार्षिक महसुली गरज’ म्हणतात. तो आकडा एकदा मान्य झाला की उरते ती वाटणी. घरगुती ग्राहकावर किती, कारखान्यावर किती, शेतीपंपावर किती, सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर किती, पथदिव्यांवर किती. एकाच्या ताटातली पोळी कमी झाली की दुसऱ्याच्या ताटात जाते. कारखानदारांच्या संघटना ज्येष्ठ वकील आणतात, आकडेमोड करणारे सल्लागार आणतात. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याचा प्रयास ऊर्जा गट यांच्यासारख्यांना तर आयोगाने कायद्याच्या ९४ व्या कलमाखाली ग्राहक प्रतिनिधी म्हणून बोलायचा अधिकारच दिला. इचलकरंजीचे प्रताप होगाडे वीज ग्राहक संघटनेतर्फे वर्षानुवर्षं बाजू मांडत आले. आणि नगरपालिका? सार्वजनिक पाणीपुरवठा ही दरपत्रकात स्वतंत्र वर्गवारी आहे, पथदिवेही स्वतंत्र. त्यातही ग्रामपंचायत-नगरपरिषदेचे दिवे वेगळे, महापालिकेचे वेगळे. पंगतीत पान मांडलेलं आहे, जेवणारा बरेचदा आलेलाच नाही.

फाईल फिरते तेव्हा

पालिकांना वकील मिळत नाहीत असं नाही. प्रत्येक महापालिकेत विधी विभाग असतो, विधी अधिकारी असतो, पॅनेलवर दहा-वीस वकील असतात. पण त्यांचा हात बसलेला असतो तो अतिक्रमणं, भूसंपादन, कर्मचाऱ्यांचे बढतीचे वाद आणि मालमत्ता कराच्या अपिलांवर. वीजदराची याचिका हे वेगळंच जनावर आहे. शेकडो पानं, सोबत एक्सेलचे तक्ते, ‘वहन आकार’, ‘स्थिर आकार’, ‘क्रॉस सबसिडी’. जिल्हा न्यायालयात तीस वर्षं काढलेला वकीलही पहिल्या दहा पानांत चष्मा पुसायला लागतो.

फोर्टमधल्या एका वकीलबाई गेली कित्येक वर्षं हेच काम करतात. त्यांच्या कचेरीत फाइलींवर पक्षकाराचं नाव नाही, ‘केस क्रमांक अमुक, सन अमुक’ असं असतं. त्या म्हणाल्या, “पालिका माझ्याकडे येते तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते, तारीख कधीची आहे? नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, परवाची.” नव्वदचा आकडा त्यांनी हवेत फेकला होता. त्यामागचा वैताग मात्र खरा होता.

कारण फाईल. बाहेरचा वकील नेमायचा तर विभागाची टिपणी लागते. कायदा आयुक्तांना दावे चालवायचा आणि कायदेशीर सल्ला घ्यायचा अधिकार देतो. मुंबईत १८८८ चा अधिनियम आहे, इतर महापालिकांना १९४९ चा. पण अधिकार असणं वेगळं आणि सही होणं वेगळं. टिपणी विधी विभागाकडे जाते. विधी विभाग लिहितो, ‘पॅनेलवरील वकिलांकडून काम होऊ शकेल काय, याबाबत अभिप्राय द्यावा.’ मग लेखा विभाग विचारतो, फी कुठल्या दराने? पॅनेलच्या दरपत्रकात दिवाणी न्यायालय आहे, उच्च न्यायालय आहे, कामगार न्यायालयसुद्धा आहे. नियामक आयोगाचा रकाना नाही. रकाना नाही म्हणजे दर नाही, दर नाही म्हणजे मंजुरी नाही. शेवटी कोणीतरी शहाणा उपाय काढतो: आधी वकील उभा करा, कार्योत्तर मंजुरी घेऊ. कार्योत्तर मंजुरी ही आपल्या स्थानिक स्वराज्याची खरी राज्यघटना आहे, असं मला कधी कधी वाटतं.

आयोगाचा निकाल विरुद्ध गेला तर दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. तिथूनही समाधान झालं नाही तर सर्वोच्च न्यायालय, त्याला ६०. पालिकेच्या फायलीला एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला याहून जास्त दिवस लागलेले मी पाहिलेत, आणि ती इमारत दोनच मजल्यांची होती. त्यात मध्यंतरीची वर्षं प्रशासकांची गेली. मुंबईत मार्च २०२२ नंतर नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती. प्रशासकांच्या काळात सही लवकर होते हे खरं. पण वकील कशासाठी, कितीला, असं सभागृहात उठून विचारणाराही कोणी उरत नाही.

कंसातले शब्द

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मुंबईतच आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहरात वीज देते ती बेस्ट, म्हणजे महापालिकेचाच उपक्रम. १९०५ साली कंपनी म्हणून सुरू झालेली ही संस्था ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेच्या ताब्यात आली. साधारण दहा लाख वीजग्राहक. इथे पालिका म्हणजे हरकत घेणारा ग्राहक नाही, परवानाधारक वितरक आहे. त्यामुळे बेस्टचे वकील तेराव्या मजल्याला सरावलेले असतात.

त्यांची सर्वांत गाजलेली लढाई एका कंसाची होती. विद्युत कायद्याच्या ४२ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात ग्राहकाला आपल्या भागातल्या वितरकाऐवजी दुसऱ्याकडून वीज घ्यायची मुभा दिली आहे, आणि वितरकाने ती आपल्या तारांवरून जाऊ द्यायची आहे. पण तिथेच कंसात एक वर्ग वगळलाय: आधीपासून वीजवितरणाच्या धंद्यात असलेलं स्थानिक प्राधिकरण. देशात अशा संस्था मोजक्याच, आणि त्यांत सर्वांत मोठं नाव बेस्टचं.

दुसऱ्या बाजूला होती टाटा पॉवर. तिचे मुंबईतले परवाने १९०७ पासूनचे. टाटाने लहान ग्राहकालाही वीज विकावी की फक्त मोठ्यांना, हा वाद उपनगरांत तिथल्या वितरकाशी, रिलायन्सशी झाला आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटाच्या बाजूने कौल दिला. उपनगरांत लोक मीटर बदलू लागले. मग बेस्टच्या हद्दीतल्या एका ग्राहकानेही म्हटलं, मलाही टाटाचीच वीज हवी. बेस्ट म्हणाली, कंस वाचा. आम्ही स्थानिक प्राधिकरण आहोत, आमच्या हद्दीत दुसऱ्याला प्रवेश नाही.

यातली गंमत अशी की बेस्ट स्वतः वीज तयार करत नाही. विकत घेते, आणि वर्षानुवर्षं त्यातली बरीचशी टाटाकडूनच. म्हणजे दिवसा ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याच्याशी कोर्टात उभं राहायचं. किराणा दुकानदाराशी उधारीही चालू आणि दावाही चालू.

आयोगाने २०१० साली बेस्टविरुद्ध निकाल दिला. न्यायाधिकरणातही बेस्ट हरली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही टाटाने वीज द्यायला हवी असंच सांगितलं. तिन्ही पायऱ्यांवर हार. तेवढं ऐकून कोणीही म्हणेल, वकिलांचे पैसे पाण्यात. मला तसं वाटत नाही. कंसाला काय अर्थ आहे हे त्या निकालातून पक्कं झालं. बेस्टच्या तारांना संरक्षण आहे, बेस्टच्या हद्दीला नाही. टाटाकडे त्या हद्दीचा समांतर परवाना आहे, म्हणून मागेल त्याला वीज देणं तिचं कर्तव्य. पण त्यासाठी जाळंही तिनेच टाकायचं. आता दक्षिण मुंबईच्या पदपथाखाली नवी केबल टाकायची तर खड्डा खणायला परवानगी कोणाची लागते? महापालिकेची. हे मी निकालपत्रात वाचलेलं नाही, रस्त्यावर चालताना सुचलं.

असाच दुसरा कंस बसचा. बेस्टची बस तोट्यात, वीज बरी. कित्येक वर्षं शहरातला वीजग्राहक आपल्या बिलात परिवहनाची तूटही भरत होता. कायद्याच्या ५१ व्या कलमात वितरकाच्या जोडधंद्यांचे नियम आहेत, आणि तिथेही स्थानिक प्राधिकरण वगळलेलं. त्या एका वाक्यावर बेस्टच्या वकिलांनी बस चालवली, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. हॉटेलवाल्यांनी हरकती घेतल्या, भांडण वरपर्यंत गेलं. ज्या माणसाने आयुष्यात बेस्टच्या बसमध्ये पाय ठेवला नाही त्याने बसचा तोटा का भरावा, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आणि विजेच्या पैशावर वर्षानुवर्षं बस स्वस्त राहिली म्हणून गिरणगावातला माणूस कामावर पोचला, हे बेस्टचं म्हणणंही खोटं नव्हतं. असं दोन्हीकडे थोडंथोडं खरं असलं की वकिलांचं काम सुरू होतं.

कोणाच्या खिशातून

वीज कंपनीच्या महसुली गरजेत ‘प्रशासकीय व सर्वसाधारण खर्च’ अशी एक बाब असते. कागद, प्रवास, टेलिफोन आणि वकिलांची फी त्यात येते. हा खर्च मान्य झाला की दरातून वसूल होतो. म्हणजे दरवाढ मागणाऱ्या वकिलाची फी ग्राहक बिलातून देतो. दरवाढीला विरोध करणाऱ्या पालिकेच्या वकिलाची फी तोच ग्राहक घरपट्टीतून देतो. वादी तोच, प्रतिवादी तोच, आणि त्याला तारखेची खबरही नाही.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लिन्स शहर आहे. तिथे हा प्रकार उघड्यावर, आणि वेगळ्या तऱ्हेने चालतो. तिथे एन्टर्जी या खासगी वीज कंपनीवर राज्याचा आयोग नव्हे, खुद्द नगर परिषदच नियामक आहे. सातच नगरसेवक. ते वीजदर ठरवणार कसे? म्हणून १९८० च्या दशकापासून त्यांनी वॉशिंग्टनचे वकील आणि बाहेरगावचे तांत्रिक सल्लागार ठेवले. फी दरवर्षी काही दशलक्ष डॉलरांत. ती कंपनी भरते आणि ग्राहकांच्या बिलात लावते. दर काही वर्षांनी तिथे ओरड होते की हे काय चाललंय, घरचे दोन हुशार लोक नेमा. ओरड रास्त आहे. पण त्याच शहराने ग्रँड गल्फ अणुवीज केंद्राच्या बिलांवरून एन्टर्जीच्याच एका उपकंपनीशी झगडून २०२४ साली ११.६ कोटी डॉलरांची तडजोड पदरात पाडून घेतली. ते काम दोन कारकुनांच्या भरवशावर झालं नसतं.

त्याच शहरातली आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. नव्या गॅस वीजकेंद्राच्या सुनावण्यांना काही लोक केंद्राच्या बाजूने टाळ्या वाजवायला, बोलायला आले होते. २०१८ साली उघड झालं की ते भाड्याने आणलेले नट होते. कंपनीने नेमलेल्या जनसंपर्क संस्थेच्या उपकंत्राटदाराने त्यांना पैसे दिले होते. परिषदेने कंपनीला ५० लाख डॉलर दंड केला. आपल्याकडे वीजदराच्या सुनावणीला भाड्याने माणसं आणावी लागत नाहीत. अमरावती, नाशिक, पुण्याच्या सुनावण्यांना शेतकरी, यंत्रमागवाले, निवृत्त अभियंते पदरमोड करून येत आलेत. रिकामी असते ती पालिकेची खुर्ची.

नवव्या मजल्यावर

पाण्याचं भांडण विजेपेक्षा विचित्र, कारण तिथे दोन्हीकडे सरकारच उभं असतं. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्यातून आलं. धरणातल्या पाण्याचा ठोक दर ते ठरवतं, आणि कोणाला किती पाणी यावरूनचे वादही त्याच्यासमोर येतात. पुण्याचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांतून शहराला वर्षाला ११.५० टीएमसी पाण्याचा करार होता. प्रत्यक्षात शहर त्याहून कितीतरी जास्त उचलतं. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली, तहान वाढली. कालव्याच्या खालच्या अंगाला दौंड-इंदापूरचा ऊस आणि शेतकरी. जलसंपदा विभाग म्हणतो, जादा उचललंत, जादा दराने भरा. महापालिका म्हणते, गळती तुमच्या कालव्यात, माणसं आमच्या शहरात.

या वादात सगळा खेळ मापाचा. धरणाच्या तोंडाशी मोजलेलं पाणी खरं की शहराच्या जलकेंद्रावर मोजलेलं? लोकसंख्या जनगणनेची धरायची, की रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांसकट? वकील कितीही मोठा असला तरी तो यातला एकही आकडा घरून आणू शकत नाही. तो फक्त मांडू शकतो. मापाची वही पंपावरच्या माणसाकडे असते.

पंपाचं घड्याळ

म्हणून मी पुन्हा त्या कात्रणापाशी आलो.

गावची टाकी टेकडीवर, उपसा नदीच्या डोहातून, मध्ये दोन पंपगृहं. विजेचं बिल हा नगरपरिषदेचा पगारांनंतरचा सर्वांत जड खर्च. इतकी वर्षं पंप रात्री चालत, कारण रात्री दहा ते सकाळी सहा विजेच्या दरात सूट होती. ऑपरेटरची पाळी, टाकीचं माप, गावात पाणी सोडायची पहाटेची वेळ, सगळं त्या सुटीवर बेतलेलं. कोणाच्या तरी आईने पहाटे चारला उठून हंडे भरायचे, ही सवयसुद्धा शेवटी दरपत्रकातून आलेली.

२०२५ च्या दरआदेशाने हे घड्याळच फिरवलं. आता राज्यात दिवसा सौरवीज मुबलक, म्हणून सूट गेली दिवसाच्या उन्हाच्या तासांना आणि अधिभार बसला संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत. रात्रीची सूट संपली. मार्चअखेरीस आदेश आला, एप्रिलच्या सुरुवातीलाच त्याला स्थगिती मिळाली, जूनअखेर फेरविचाराचा आदेश आला. गावच्या अंदाजपत्रकाने तीन महिने श्वास रोखून धरला.

बदल वाईट नाही. दुपारी पंप चालवले तर बिल उलट कमीही होईल. पण त्यासाठी टाकी मोठी हवी, कारण दुपारी भरलेलं पाणी पहाटेपर्यंत साठवायचं आहे. टाकी बांधायला दोन वर्षं लागतात. तेवढी दोन वर्षं पाणीपुरवठ्याला जुनी सूट चालू ठेवा, एवढं एक वाक्य आयोगासमोर कोणीतरी म्हणायला हवं होतं. मान्य झालं असतं की नाही, सांगता येत नाही. म्हटलं मात्र गेलं नाही.

वकील नेमला होता. फाईल फिरून आली, हरकतीची मुदत हुकता हुकता एका पदाधिकाऱ्याच्या ओळखीचा एक तरुण वकील मिळाला. पोरगा हुशार होता, अभियंत्यांनीच सांगितलं. ऑनलाइन सुनावणीत त्याला काही मिनिटं मिळाली. दर वाढवू नका, नगरपरिषद गरीब आहे, असं त्याने पोटतिडकीने सांगितलं.

“तुम्ही त्याला पंपाची वही दिली होती का?” मी विचारलं.

ते थोडा वेळ काचेखालच्या कात्रणाकडे बघत राहिले. “त्याने मागितली नाही. आणि आम्हाला वाटलं, वकिलाला कशाला लागते पंपाची वही.”

मग त्यांनी कपाटातून ती काढून दाखवली. लाल कापडी बांधणीची, तासातासाचं रीडिंग, निळ्या शाईत, वर्षानुवर्षांची. कुठे ऑपरेटरने समासात ‘लाईट गेली’ लिहिलेलं, कुठे ‘पूर, पंप बंद’. रात्री किती तास, दिवसा किती, टाकी किती भरली, सगळं होतं. फोर्टमधल्या वकीलबाईंना ही वही दिसली असती तर त्यांनी ती तिथेच छातीशी धरली असती.

वहीत एक कागद दुमडून ठेवला होता. लेखापरीक्षणाचा आक्षेप. वकिलाच्या फीची रक्कम नमूद करून खाली एकच ओळ: ‘सदर खर्चामुळे नगरपरिषदेस झालेला लाभ स्पष्ट करावा.’ उत्तर द्यायला तीस दिवस होते, त्यातले एकवीस गेले होते. अभियंत्यांनी त्या कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने रात्रीचे तास आणि युनिटं मांडायला सुरुवात केलेली होती. तिसऱ्या ओळीत हिशेब थांबला होता. खिडकीबाहेर दुपारचं कडक ऊन होतं आणि दोन्ही पंप बंद होते.